जुन्याची चाड आणि वेअरचा पलंग

इंग्लंडचा प्रवास करून आलेल्या मराठी गृहस्थाच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असतें. ‘त्या लोकांस जुन्याची चाड आहे, आपणांस ती नाहीं.’ प्रवासवर्णनांत तें येतें, सत्काराच्या भाषणांत तें येतें, आणि एखादा जुना वाडा पाडला गेल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली म्हणजे संपादकीय स्फुटांत तर हटकून येतें. पुराव्यादाखल तिकडील एखाद्या लहानशा गांवाचें वर्णन पुढें करण्यांत येतें : चारशें वर्षांची लांकडी सराई, तिच्या कमानीवर लोंबणारी रंगीत पाटी, मागें नदीपर्यंत उतरत गेलेली बाग, बागेंत गुलाबाचे ताटवे, आणि हें सर्व जसेंच्या तसें. हें वर्णन खोटें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यावरून जें अनुमान काढण्यांत येतें तें मात्र साफ चुकीचें आहे. आणि चुकीचें असूनहि तें आमच्या अंगवळणीं पडलें आहे, म्हणून त्याचा समाचार घेणें अवश्य वाटतें.

वरवर पाहतां हें वाक्य आत्मनिंदेचें आहे, आणि आत्मनिंदा ही विनयाचीच बहीण समजली जात असल्यामुळें तिला सहसा कोणी हटकीत नाहीं. पण थोडा विचार केला असतां हें वाक्य मुळांत आळसाचें आहे असें दिसून येईल. जुन्याची चाड हा एखाद्या राष्ट्राच्या रक्तांतला गुण ठरविला कीं, तो ज्यांच्या रक्तांत नाहीं त्यांच्यावर कसलीच जबाबदारी उरत नाहीं. डोळ्यांचा रंग ज्याप्रमाणें कोणास उसना आणतां येत नाहीं त्याप्रमाणें स्वभावहि आणतां येत नाहीं. मग वाडा पडला तर पडो, बाग उजाड झाली तर होवो, ‘आपले लोकच असे’ म्हणून एक सुस्कारा टाकला म्हणजे झालें. असा सुस्कारा टाकण्यास पैसा लागत नाहीं, सभा भरवावी लागत नाहीं, कचेरीचे खेटे घालावे लागत नाहींत. म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे.

तेव्हां या मताची परीक्षा त्याच्याच घरीं जाऊन करावी हें बरें. सबंध इंग्लंड घेतलें तर वादास अंत राहणार नाहीं. एकच गांव घेऊं, आणि तेंहि असें कीं, ज्याचें नांव इंग्रजी वाङ्मय वाचणारास परकें नाहीं.

लंडनच्या उत्तरेस वीस-बावीस मैलांवर, हार्टफर्डशायर परगण्यांत, ली नदीच्या कांठीं वेअर नांवाचें बाजारपेठेचें गांव आहे. कूपरच्या जॉन गिल्पिनचा घोडा एडमंटनला न थांबतां धन्यास घेऊन जेथपर्यंत उधळत गेला तेंच हें गांव. १७८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या विनोदी कवितेनें त्याचें नांव आमच्याकडील शाळकरी मुलांच्याहि कानांवर घातलें. त्यापूर्वीं चारशें वर्षें चॉसरनें त्याचा उल्लेख केलेला आहे. उत्तरेकडे जाणारा जुना राजरस्ता या गांवाच्या मधून जात असे. लंडनहून निघालेला प्रवासी येथें घोडे बदली, जेवी, मुक्काम करी. केंब्रिजचा विद्यार्थी आणि उत्तरेकडचा व्यापारी या दोघांचीहि वाट हीच. नदीनें माल जाई तो वेगळाच. आसपासच्या शेतांतील सातू येथें भिजवीत, त्यास मोड आणीत, भट्टीवर वाळवीत, आणि याप्रमाणें तयार झालेलें ‘माल्ट’ पडावांत भरून लंडनच्या मद्याच्या कारखान्यांकडे पाठवीत. रस्ता आणि सातू या दोन गोष्टींवर वेअर मोठें झालें. मुख्य रस्त्यावर सराया उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या दर्शनी भागांत भरलेली गाडी सहज आंत शिरेल एवढी कमान, कमानींतून आंत चौक, चौकाभोंवतीं खोल्या व तबेले. आणि रस्त्याच्या एका अंगास या घरांच्या मागें नदीपर्यंत गेलेल्या अरुंद, लांबट बागा. अठराव्या शतकांत या बागांच्या टोंकांशीं, अगदीं पाण्यावर, बसण्याउठण्याच्या लहान लहान माड्या बांधण्यांत आल्या. इंग्रज त्यांस ‘गझीबो’ म्हणतात. संध्याकाळीं तेथें बसून वारा खावा आणि जाणारेयेणारे पडाव पाहावे, एवढाच त्यांचा उपयोग.

इंग्रजी सराई म्हणजे आमची धर्मशाळा, अशी जी समजूत पुष्कळांची असते ती येथें दूर केली पाहिजे. धर्मशाळा पुण्यासाठीं बांधीत. ही सराई नफ्यासाठीं चाले. तिच्यांतील प्रत्येक वस्तु गिऱ्हाईक ओढण्यासाठीं होती हें विसरतां कामा नये. वेअरचा सुप्रसिद्ध मोठा पलंग हें याचें उत्तम उदाहरण होय. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ओक लांकडाचा हा कोरीव पलंग तयार झाला. लांबी सुमारें अकरा फूट, आणि रुंदी जवळजवळ तितकीच. १५९६ मध्यें एका जर्मन राजपुत्रानें चार जोडपीं त्यावर शेजारीं शेजारीं निजूं शकतील असें लिहून ठेविलें. शेक्सपिअरनें ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकांत त्याचें नांव घेतलें, बेन जॉन्सननेंहि घेतलें. एवढा पलंग कोणाच्याहि झोंपेला लागत नाहीं. सराईचा बोलबाला व्हावा म्हणूनच तो करविला असावा असें जाणते समजतात. जाहिरातीची विद्या अमेरिकेंत जन्मली असें मानणारांनीं याचा विचार करावा.

या पलंगाचें गांवानें पुढें काय केलें? प्रथम तो एका सराईंतून दुसऱ्या सराईंत फिरला. त्यावर निजणारांनीं आपलीं आद्याक्षरें चाकूनें कोरलीं, तांबड्या लाखेचे शिक्के मारले. आमच्या गडांवर आणि लेण्यांत नांवें कोरणाऱ्या मंडळींस शब्द लावतांना ‘हें तिकडे चालायचें नाहीं’ असें जे म्हणतात, त्यांनीं तो पलंग जरूर जवळून पाहावा. १८७० मध्यें तो गांवांतून निघाला आणि जवळच होड्सडन येथील राय हाउसच्या बागेंत गेला. दुसऱ्या चार्ल्स राजाविरुद्धच्या १६८३ सालच्या कटामुळें हें घर इतिहासांत गाजलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांत त्याच्या मालकानें तेथें, लंडनहून आगगाडीनें येणाऱ्या सहलकऱ्यांसाठीं, करमणुकीची बाग थाटली होती, आणि तिच्यांतील एक गंमत म्हणून हा पलंग मांडण्यांत आला. १९३१ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें चार हजार पौंड मोजून तो घेतला तेव्हां त्याची वणवण थांबली. २०१२ मध्यें वर्षभरासाठीं तो वेअरच्या लहानशा संग्रहालयांत पाहुणा म्हणून आला, आणि परत लंडनला गेला. ज्या वस्तूनें गांवाचें नांव चारशें वर्षें गाजविलें ती गांवास राखतां आली नाहीं, एवढा याचा इत्यर्थ. वेअरच्या लोकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. चार पैसे येत असतां अडगळीची खाट विकणें हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला इंग्रजी किंवा मराठी असें विशेषण लागत नाहीं.

सरायांची गति याहून फारशी निराळी झाली नाहीं. १८४३ मध्यें वेअरला आगगाडी आली. तिनें घोड्यांच्या गाड्यांचा धंदा बुडविला व तबेले ओस पडले. कोठें दुकान निघालें, कोठें बिऱ्हाडें आलीं. गाडी आंत घेणारी कमान तेवढी जुन्या धंद्याची खूण म्हणून राहिली. ज्या ‘सॅरासन्स हेड’ सराईंत एके काळीं तो पलंग होता, तीहि विसाव्या शतकाच्या मध्यास पाडण्यांत आली. हा प्रकार एकट्या आडगांवाचा म्हणावा तर लंडनकडे पाहावें. चॉसरचे यात्रेकरू साउथवर्कमधील ज्या ‘टॅबर्ड’ सराईंतून निघाले, ती १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली इमारत १८७३ मध्यें पाडली गेली. इंग्रजी काव्याच्या जनकानें अमर केलेली जागा, पण ती राखण्याइतकी चाड त्या महानगरांत निघाली नाहीं. तिच्या शेजारची ‘जॉर्ज’ सराई रेल्वे कंपनीच्या हातीं पडली, आणि १८८९ मध्यें कंपनीनें तिच्या बहुतेक भागावर कुदळ चालविली. एक बाजू उरली ती १९३७ मध्यें नॅशनल ट्रस्टकडे आली म्हणून आज दृष्टीस पडते. ट्विकनहॅम येथें थेम्सच्या कांठीं अलेक्झांडर पोप कवीचा बंगला होता. त्याचा बगीचा पाहण्यास येणाऱ्या लोकांचा उपद्रव सोसेना, म्हणून पुढील एका सरदारीण मालकिणीनें १८०८ च्या सुमारास तो बंगलाच पाडून टाकला. रस्त्याखालून बागेंत जाणारें पोपचें भुयार तेवढें शिल्लक राहिलें. हीं कृत्यें अडाणी खेडुतांचीं नव्हेत. रेल्वेचे भागीदार आणि नदीकांठच्या बंगल्यांतल्या बाईसाहेब हीं त्या राष्ट्रांतलीं प्रतिष्ठित माणसें होत. उपजत म्हणून जी चाड सांगतात ती या प्रसंगीं कोठें गेली होती?

आतां कायद्याकडे वळूं. इंग्लंडांत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८८२ मध्यें झाला. तो मुख्यतः प्रागैतिहासिक काळच्या दगडी स्मारकांपुरता होता, आणि तोहि मालकाच्या राजीखुशीवर. मालकाच्या इच्छेविरुद्ध स्मारक वांचविण्याचा अधिकार सरकारास तेथें १९१३ मध्यें मिळाला. हिंदुस्थानांत कर्झनच्या अमदानींत १९०४ सालीं जो कायदा झाला, त्यांत स्मारक सक्तीनें ताब्यांत घेण्याची सोय अगोदरच करून ठेविली होती. म्हणजे जी गोष्ट इंग्रज आमच्या जमीनदारांस दरडावून सांगूं शकत होता, ती स्वतःच्या जमीनदारांस सांगण्यास त्याला आणखी नऊ वर्षें लागलीं. सराया, बंगले, दुकानें असल्या वापरांतल्या इमारतींची रीतसर यादी करून त्यांच्या पाडापाडीस आडकाठी घालण्याची पद्धत तर १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यानें पक्की झाली. ऐतिहासिक बागांच्या राष्ट्रीय नोंदवहीस आरंभ होण्यास १९८३ साल उजाडलें. जो गुण रक्तांत असतो त्याला कायद्याचा टेंकू इतक्या उशिरां आणि इतक्या वेळां कां द्यावा लागला, याचें उत्तर स्वभाववाद्यांनीं द्यावें.

आणि एवढें सर्व असूनहि वेअरला आज पाहण्यासारखें बरेंच आहे. तें कसें राहिलें हें पाहिलें म्हणजे आमच्या वादाचा निकाल लागतो. गांवाच्या दक्षिण अंगास, नदीपलीकडे, अ‍ॅमवेल लागतें. तेथें जॉन स्कॉट हा क्वेकर पंथाचा कवि राहत असे. जन्म १७३०, मृत्यु १७८३. बाप कापडाचा व्यापारी; लंडन सोडून तो येथें आला व माल्टच्या धंद्यांत पडला. मुलास देवीच्या रोगाची अशी धास्ती कीं, लंडन इतकें जवळ असून वर्षानुवर्षें त्यानें तें टाळलें. १७६६ मध्यें देवी टोंचून घेतल्यावर त्याची भीड चेपली, आणि पुढें डॉक्टर जॉन्सनसारख्यांशीं त्याचा स्नेह जडला. या गृहस्थानें आपल्या बागेंतील टेकडीच्या पोटांत, पोपनें पाडलेल्या वळणावर, एक लेणें खोदविलें. सहा दालनें, त्यांस जोडणाऱ्या अंधाऱ्या वाटा, टेकडीच्या आंत सदुसष्ट फुटांपर्यंत पोंचलेला विस्तार. भिंतींवर शंख, शिंपा, गारगोट्या व रंगीत खनिजें यांचें जडावाचें काम. वरच्या अंगास एक अष्टकोनी मंडप. जॉन्सननें तें पाहिलें व वाखाणिलें. स्कॉटच्या पश्चात् काळानें त्या बागेचे तुकडे पाडले व त्यांवर घरें उठलीं. १९६० नंतरच्या दशकांत तर लेणेंच जमीनदोस्त होण्याची पाळी आली. तें थोडक्यांत वांचलें. पुढें तें तेथील जिल्हामंडळाच्या ताब्यांत आलें, आणि १९९० च्या सुमारास ‘वेअर सोसायटी’ या गांवकऱ्यांच्या संस्थेनें खटपट करून त्याचा जीर्णोद्धार केला. आज तें पहिल्या दर्जाच्या संरक्षित इमारतींत मोडतें; उन्हाळ्यांत येणाराजाणारास तें दाखविण्याचें काम गांवचे स्वयंसेवक करतात. नदीवरच्या माड्यांची हकीकत अशीच आहे. कित्येक नाहींशा झाल्या, उरलेल्या पाण्याकडे कलल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत त्यांची दुरुस्ती झाली आणि आज त्यांचीं चित्रें छापून गांव मिरवितें.

तेव्हां वेअरला जें राहिलें त्याच्या मुळाशीं तीन गोष्टी दिसतात. पाडणाराचा हात धरणारा कायदा. वस्तु ताब्यांत घेऊन तिची जोखीम पतकरणारें स्थानिक मंडळ. आणि आपला रिकामा वेळ खर्चून किल्ली उघडणारे, जाळीं झाडणारे, वर्गणी मागणारे चार गांवकरी. यांपैकीं एकहि गोष्ट रक्तांतून येत नाहीं. तिन्ही कोणी तरी, कोणत्या तरी सालीं, भांडून मिळविल्या आहेत.

यावर असें म्हणण्यांत येईल कीं, ‘असे भांडणारे तेथें निघाले हाच त्या लोकांचा स्वभाव.’ हा युक्तिवाद दिसतो तितका पोंचट नाहीं, म्हणून त्यास उत्तर दिलें पाहिजे. विल्यम मॉरिसनें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं १८७७ मध्यें मंडळी स्थापन केली, ती परदेशी शत्रूंविरुद्ध नव्हे. स्वतःच्याच देशांतील धर्माधिकारी व शिल्पज्ञ दुरुस्तीच्या नांवाखालीं जुनीं देवालयें खरवडून नवीं करीत होते, त्यांच्याविरुद्ध. नॅशनल ट्रस्ट १८९५ मध्यें निघाला तो अशाच गरजेंतून. थोडे विरुद्ध पुष्कळ, असा हा तेथें शंभर वर्षें चाललेला झगडा आहे. त्यांत थोड्यांचा कांहीं ठिकाणीं जय झाला, आणि त्या जयाचीं स्थळें पाहून आमचा प्रवासी सबंध राष्ट्रास प्रशस्तिपत्र देतो. हाच न्याय आम्हांस लावावयाचा तर आमच्याकडे काय भांडणारे निघाले नाहींत? राजवाडे गांवोगांव पायपीट करून जुनीं दप्तरें हुडकीत होते. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, आणि वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास जाणारा कागद हस्तलिखित म्हणून राखला गेला. मग आम्ही राजवाड्यांवरून सर्व मराठ्यांचा स्वभाव कां ठरवीत नाहीं? तेथें थोड्यांच्या गुणावरून सर्वांस नांवाजावयाचें आणि येथें पुष्कळांच्या दोषावरून सर्वांस नांवें ठेवावयाचीं, हें माप एक नव्हे. दोन मापांनीं माल देणाऱ्या दुकानदारास आम्ही लबाड म्हणतों.

येथवर पहिल्या पक्षाचा विचार झाला. दुसराहि एक पक्ष आमच्यांत आहे, आणि अलीकडे त्याचा आवाज मोठा झाला आहे. त्याचें म्हणणें असें : ‘विलायतेंतल्या सराया आणि बंगल्यांच्या बागा आमच्याच लुटीच्या पैशावर उभ्या आहेत. त्या राहोत कीं जावोत, आम्हांस त्यांचें काय?’ पहिला पक्ष डोळे मिटून नमस्कार करतो, हा डोळे मिटून थुंकतो. डोळे दोघांचेहि मिटलेलेच. कंपनीच्या नोकरींत गबर होऊन आलेल्या नबाबांनीं इंग्लंडांत वाडे बांधले हें खरें. पण वेअरच्या सराया उत्तरेच्या रस्त्यानें पोसल्या आणि स्कॉटचें लेणें सातूच्या व्यापारावर खोदलें गेलें. सगळ्यांस एकाच दोरींत बांधल्यानें खऱ्या अपराध्याचें फावतें. शिवाय याच लेण्याच्या धन्यापाशीं आमच्या बाजूची एक साक्ष आहे, आणि ती या पक्षानें ऐकलेली दिसत नाहीं.

१७६९-७० मध्यें बंगालवर घोर दुष्काळ आला. प्रांताची निदान एक तृतीयांश वस्ती नष्ट झाली असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जनें १७७२ मध्यें विलायतेस लिहून कळविला. धान्याच्या सांठेबाजींत कंपनीच्या नोकरांचे हात बरबटले होते असा बोभाटा इंग्लंडपर्यंत पोंचला. स्कॉटनें १७८२ मध्यें आपला काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत पूर्वेकडील देशांवरचीं कांहीं गोपगीतें आहेत. त्यांपैकीं एकाचा नायक गंगातीरीं आपल्या देशाचा आकांत पाहून शोक करणारा सेरीम हा ब्राह्मण आहे, आणि त्या काव्याच्या मथळ्यांतच कवीनें ‘कृत्रिम दुष्काळ’ हे शब्द घातले आहेत. कृत्रिम ! पाऊस न पडल्यानें झालेला असें नव्हे, माणसानें केलेला. रणवाद्याचा तिरस्कार करणारी याच कवीची एक लहान कविता इंग्रजी वेंच्यांतून आढळते, म्हणून त्याचें नांव थोडें तरी टिकून आहे. सेरीमचें काव्य कोणी वाचीत नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, परंतु या काव्याचा उल्लेख आमच्याकडील कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत आमच्या पाहण्यांत आला नाहीं. स्कॉट हा थोर कवि नव्हता, हें खरें आहे. पण साक्षीदार थोर कवि असावा लागत नाहीं.

आतां याच्याच शेजारीं काय झालें तें पाहावें. स्कॉटच्या लेण्यापासून दोन-अडीच मैलांवर हेलीबरी आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानांत पाठवावयाच्या मुलकी अधिकाऱ्यांसाठीं १८०६ मध्यें हार्टफर्डच्या किल्ल्यांत एक कॉलेज काढलें, आणि १८०९ मध्यें तें हेलीबरीच्या नव्या इमारतींत नेलें. इमारत विल्यम विल्किन्सची. बागबगीचा आंखला तो हम्फ्रे रेप्टननें, म्हणजे त्या काळच्या सर्वांत नांवाजलेल्या उद्यानशिल्पज्ञानें. विस्तीर्ण चौक, लांबच लांब सज्जा, हिरवळ, तळीं. डोळे निवावेत अशी जागा. तेथें इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविण्यास जो प्राध्यापक नेमला तो थॉमस माल्थस. वाढत्या लोकसंख्येस आळा घालण्याचा सृष्टीचा शेवटचा व अत्यंत भयंकर उपाय म्हणून ज्यानें १७९८ मध्यें दुष्काळाचें नांव घेतलें, तोच हा पंडित. १८३४ मध्यें मरेपर्यंत तो त्या जागेवर होता. एका कवीनें ज्याला कृत्रिम म्हटलें त्यालाच, दोन-अडीच मैलांच्या अंतरावर आणि एका पिढीच्या आंत, सृष्टिनियमांत जागा मिळाली. या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या तरुणांनीं आमच्यावर राज्य केलें. सातारचें राज्य खालसा झालें तेव्हां तेथें रेसिडेंट असलेला, आणि पुढें १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर झालेला बार्टल फ्रिअर हेलीबरीचाच. सातारा खालसा करणें त्याला पसंत नव्हतें हेंहि न्यायासाठीं नमूद केलें पाहिजे. १८५८ मध्यें तें कॉलेज मोडलें. आज तेथें एक मोठी शाळा आहे, आणि इमारत व मैदानें उत्तम निगेंत आहेत.

म्हणजे पलंग संग्रहालयांत सुरक्षित आहे, लेणें सुरक्षित आहे, हेलीबरीचा सज्जा सुरक्षित आहे. पण यांना एकत्र जोडणारी हकीकत कोणी जतन केली? वस्तु राखणें आणि वस्तूचा जमाखर्च राखणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस चुना, लांकूड आणि वर्गणी पुरते. दुसरीस मनाचें धैर्य लागतें. लेण्यांतील शंखशिंपा दाखवितांना त्याच्या धन्यानें स्वतःच्या सरकारावर काय आरोप केला तें सांगणें, हेलीबरीची हिरवळ दाखवितांना तेथें कोणता व्यवहार शिकविला जाई तें सांगणें, हें जोंवर होत नाहीं तोंवर जतन अर्धेंच झालें असें आम्ही समजतों.

असें धैर्य त्या भूमींत मुळींच नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. वेअरच्या उत्तरेस राजरस्त्यावर वेड्समिल नांवाचें खेडें आहे. १६६३ मध्यें इंग्लंडांतला पहिला जकातीचा नाका रस्तादुरुस्तीसाठीं याच ठिकाणीं बसला. त्याच रस्त्यानें १७८५ मध्यें टॉमस क्लार्कसन हा तरुण केंब्रिजहून लंडनकडे घोड्यावर चालला होता. गुलामगिरीवरील लॅटिन निबंधास त्याला विद्यापीठाचें बक्षीस मिळालें होतें. निबंधांत लिहिलेलें जर खरें असेल तर कोणी तरी हा अनर्थ बंद केला पाहिजे, हा विचार त्याला येथें असह्य झाला. तो घोड्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला, आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. १८७९ मध्यें त्या जागीं एक साधा स्तंभ उभारण्यांत आला. त्यावर कोरीव काम फारसें नाहीं, भोंवतीं बाग नाहीं. तरी सबंध परगण्यांतल्या सराया व बंगले एका पारड्यांत घातले तर आम्ही हा दगड दुसऱ्या पारड्यांत घालूं. कारण येथें वस्तु नाममात्र आहे आणि हकीकतच सर्वस्व आहे. आमच्या प्रवासवर्णनांत मोठ्या पलंगाचीं मापें सांपडतात. या दगडाचें वर्णन अद्याप आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

आतां आमच्या वाचकांस एवढेंच सांगावयाचें आहे. यापुढें कोणी ‘त्या लोकांस जुन्याची चाड आहे’ असें म्हणाला, तर त्यास तीन प्रश्न विचारावे. ही वस्तु कोणत्या सालीं जाणार होती? तिला कोणत्या कायद्यानें, कोणाच्या पैशानें आणि कोणाच्या खटपटीनें थांबविलें? आणि तिच्याबरोबर जी हकीकत होती तिचें पुढें काय झालें? उत्तरें देतां आलीं तर तो गृहस्थ खरा प्रवासी. त्याचें ऐकावें, आणि त्यानें पाहिलेल्या खटपटीपैकीं कोणती आपल्या गांवांत उद्यां आरंभितां येईल याचा लागलीच विचार करावा. उत्तरें देतां आलीं नाहींत तर त्याच्या वाक्यास मान डोलवूं नये. दुसऱ्याच्या गुणाची स्तुति करून स्वतःच्या कामांतून सुटका करून घेण्याची ही युक्ति फार जुनी आहे. आणि जतन करण्याच्या लायकीची जुनी वस्तु ती खास नव्हे.